बापूरावांची शीळ

देवराव फिटर आणि बापूराव यांची पहिली भेट झाली तेव्हा गोंडपिपरीच्या बसथांब्यावर रवंथ करत बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या होत्या म्हणे. बापूरावांची पांढरी डिझेल गाडी अजून शिवेवर होती, तेवढ्यात इकडे गॅरेजात ट्रॅक्टरखाली आडव्या पडलेल्या देवरावाने निदान ठोकून दिलं, "मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं! अन् चालवणाऱ्यानं सकाळपासून भाकर खाल्ली नाई!" दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. ही हकीकत देवराव स्वतःच सांगे आणि दर वेळी गाडी थोडी आणखी लांब जाई. शेवटी शेवटी तर ती भद्रावतीहून निघालीसुद्धा नव्हती.

देवरावाचा डावा कान हे गावातलं एक जागृत देवस्थान होतं. हातभर लांब पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ डाव्या कानामागच्या हाडावर टेकवून, डोळे मिटून तो असा उभा राही की गिऱ्हाईक नकळत चप्पल काढी. थंडीत सगळ्यांत आधी मफलर मिळे तो या कानाला. त्याच्या बायकोला, गुणाबाईला, भांडायचं असेल तर तिने उजव्या बाजूला येऊन भांडायचं, असा घरचा नियम होता. "ज्या दिवशी मले आवाज सापडनार नाई," तो सांगे, "त्या दिवशी हा पाना म्या खाली ठेवला समजा."

बापूराव भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी आलेले. भुताखेतांचे हाडवैरी. कुणी करणीचं नाव काढलं की चहा थंड होईपर्यंत वाद घालत. गाडी चालवताना पुढच्या दातांच्या फटीतून बारीक, एकसुरी शीळ घालायची त्यांना सवय होती. देवराव म्हणायचा, "गाडीतले सगळे आवाज म्या काढले, हाच तेवढा राह्यला." मागच्या हिवाळ्यात बापूराव झोपेतच गेले. गाडी त्यांच्या मुलीकडे, हायस्कुलात शिकवणाऱ्या संघप्रियाकडे आली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने गाडी देवरावाकडे आणली. इंजिन टकटक करत होतं. टॅपेट सैल झाले होते. त्याने ते बसवले आणि टकटक थांबली. झाकण लावायला तो वाकला आणि तसाच थबकला. टकटकीच्या मागे काहीतरी लपून बसलं होतं, ते आता मोकळं झालं होतं. बारीक. एकसुरी. दातांच्या फटीतून यावी तशी शीळ.

"आयकू येते का, पोरी?"

"काय?"

"हे... शिट्टी."

"नाही काका. मस्त चालून राह्यली गाडी. देऊन टाका."

देवरावाने गाडी दिली नाही. त्याने फॅनबेल्ट काढला, तरी शीळ होती. पाण्याचा पंप बदलला, तरी होती. डायनामो उघडला, बेअरिंगांत ग्रीस भरलं. पेचकस कानाला लावला की शीळ इतकी जवळ येई, जणू बापूराव बोनेटवर कोपर टेकून उभे आहेत. त्याने गाडी पुन्हा जोडली, शटर ओढलं आणि घरी जाऊन ताटावर बसला. पहिला घास तोंडात घातला आणि शीळ आली. देवरावाच्या अंगावर काटा आला. बापूराव घरापर्यंत आले होते.

गुणाबाईने लगेच उपाय काढला. "अवो, गाडीवरून कोंबडं उतरवा. अन् लिंबू बांधा."

दुसऱ्या दिवशी हे ऐकून संघप्रिया हसत सुटली. "काका, आमचे बाबा भूत झाले असते ना, तर पयले स्वतःच्याच विरोधात भाषण देले असते."

"हासू नको पोरी. तुह्या बापाचं काहीतरी राह्यलं हाये. अहेरीच्या रस्त्यावर मोहाच्या झाडाखाली थे गाडी थांबवून चहा पेत. मले तिथी नेऊन इचारू दे."

तो हसत नव्हता, म्हणून ती सोबत गेली.

भर दुपार. सागाची पानं गळून गेलेली, रान उघडंबोडकं, वारा मेलेला. मोहाखाली देवरावाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. शीळ बंद झाली नाही. तो खाली उतरला, गाडीपासून दूर, पार रस्त्यापलीकडे गेला. शीळ त्याच्या मागे मागे आली. त्याने रिकाम्या रानाकडे तोंड करून हात जोडले.

"बापूराव, काय राह्यलं बा तुमचं? सांगून टाका. म्या करतो."

मग तो वाट पाहत उभा राहिला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी त्याने हात सोडले नाहीत.

अचानक डावीकडून संघप्रिया समोर आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि चेहरा उतरला होता.

"काका, म्या कवाची हळूच आवाज देऊन राह्यली. पानी पेता का म्हणून."

"कवा?"

"तुमी हात जोडून उभे होते तवा. इथीच होती, तुमच्या डाव्या बाजूले. हातभरावर."

देवराव तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हळूच उजव्या कानात बोट घातलं. रान गेलं. दूर कुठेतरी ओरडणारा कोतवाल पक्षी गेला. संघप्रियाचे ओठ हलत होते, आवाज गेला होता. उरली फक्त शीळ.

त्याने बोट काढलं आणि मोहाच्या मुळीवर बसला.

"तुहा बाप खरंच बोले," तो म्हणाला. "भूत नसते." डावा कान चोळत म्हणाला, "असतं तं बरं झालं असतं वो."

येताना गाडी संघप्रियाने चालवली.

चंद्रपूरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, डाव्या कानाची नस सुकली आहे, उपाय नाही. देवराव आता पंक्चर काढतो.