पलीकडचा काठ

चामटोलीजवळ उल्हास नदीच्या काठावर ती मला एकदाच भेटली. पन्नाशीची बाई, हेंद्रेपाड्यात राहणारी. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तिने स्वतः लाकडाची कयाक, म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी, बनवली होती आणि त्या सकाळी ती पहिल्यांदाच पाण्यात घालत होती. मी होडी धरून ठेवली. आत बसल्यावर तिने तळाशी हात फिरवला आणि कोरडा पंजा मला हसत दाखवला.

"एवढा खटाटोप कशासाठी, ताई?" मी विचारलं.

"माझं माहेर खाडीपलीकडे. होडीनेच जायला लागायचं. आता पूल झालाय, पण तिकडे कुणी राहिलं नाही."

ती सावकाश वल्हवत समोर गेली. त्या काठावर नुसतं गवत होतं. तरी उतरण्याआधी तिने केस सारखे केले आणि ओढणी नीट घेतली.