उंटिणीचा हंबरडा

हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस निर्णय होत नव्हता. ज्याने देवाशी बोलणंच सोडलं होतं, त्याने असा अनुभव सांगावा तरी कुठल्या तोंडाने? पत्नी गेल्यानंतर आठ महिने मी घरात दिवा लावला नव्हता. तिच्या आजारपणात मी दत्तगुरूंचं नाव अक्षरशः श्वासागणिक घेतलं. हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून जप केला, दर गुरुवारी उपास केले. शेवटच्या दिवशी पहाटे पाच मिनिटं चहा घ्यायला म्हणून खाली गेलो, आणि परत आलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. ती पाच मिनिटं मी देवाला माफ करू शकलो नाही. स्वतःलाही नाही.

माझं मूळ गाव विट्याजवळचं. बहरीनमध्ये अकाउंट्सच्या नोकरीत बावीस वर्षं झाली, आम्ही राहायचो तिथल्या सनद नावाच्या वस्तीत. मुलगी इथेच वाढली, आता पुण्यात नोकरी करते. आईच्या दिवसकार्यासाठी ती आली होती. परत जाताना एअरपोर्टवर म्हणाली, "बाबा, यू हॅव टू बी स्ट्राँग." सगळेच तेच म्हणत होते. ऑफिसमधले, शेजारचे, गावाकडचे. मीही खंबीर राहिलो. एक थेंब डोळ्यांतून आला नाही. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. माझ्या छातीवर मात्र कुणीतरी दगड ठेवल्यासारखं होई आणि तो उतरत नसे. दर शुक्रवारी मुलीचा फोन यायचा. जेवण झालं का, औषध घेतलं का, एवढंच. तिच्या आईचं नाव तीही काढत नव्हती आणि मीही नाही.

शुगर निघाल्यापासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी सायकल चालवतो. सुटीच्या दिवशी, म्हणजे इथे शुक्रवारी, आम्ही चार-पाच जण लांब जायचो. पत्नी गेल्यावर मी त्यांच्याबरोबर जाणं बंद केलं, एकटाच निघायचो. त्या शुक्रवारीही तसंच झालं. रमजानचा महिना होता. सकाळी गोळी घेतली, पण एकट्यासाठी पोहे करायचा कंटाळा आला आणि तसाच बाहेर पडलो. सखीरच्या माळावरून झल्लाकच्या किनाऱ्यापर्यंत जायचं आणि दक्षिणेकडून वळसा घालून दुपारपर्यंत घर गाठायचं, असा बेत होता.

वाटेतलं रिफा शहर मागे पडलं आणि माळ सुरू झाला. रस्त्याच्या कडेने तेलाचे पाइप, मधूनच मान खालीवर करत तेल उपसणारं यंत्र, आणि लांबवर उंटांचे वाडे, घोड्यांचे तबेले, तारेची कुंपणं. एरवी मला हा प्रदेश आवडतो. त्या दिवशी सगळंच राखेच्या रंगाचं दिसत होतं. कुंपणाशी उभे असलेले उंट माझ्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, यांच्यात आणि माझ्यात काय फरक आहे? बांधलेलं आहे तिथे उभं राहायचं, दिवस घालवायचा. पायडल मारत होतो, पण कुठे पोहोचायची इच्छा नव्हती.

झल्लाकच्या अलीकडेच वारा वाढला. इथे त्याला शमाल म्हणतात. वायव्येकडून येतो आणि वाळवंटच उचलून आणतो. बघता बघता सूर्य पिवळ्या डागासारखा झाला. घसा कोरडा पडला होता. रमजानमध्ये रस्त्यावर उघड पाणी प्यायचं नाही, ही इथली रीत आम्ही सगळेच पाळतो. म्हणून सायकल हातात धरून एका कच्च्या वाटेने आत गेलो आणि टेकाडाच्या आडोशाला बसून बाटली रिकामी केली. उठलो तेव्हा रस्ता दिसेना. धूळ इतकी दाट होती की सायकलचं पुढचं चाक कसंबसं दिसत होतं. गाड्यांचा आवाज येतोय असं वाटे त्या दिशेने चालायचो, आणि तो वाराच निघायचा. मोबाइल काढला तर रेंज नव्हती.

अर्धा तास चाललो असेन. मग हात थरथरायला लागले, अंगाला गार घाम सुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. शुगर उतरतेय हे मला कळत होतं. खिशात साखरेची गोळी, बिस्किट काही नव्हतं. सायकल पडली, तिच्याशेजारी मी बसलो. भीती वाटली नाही, हे कबूल करायला हवं. उलट वाटलं, बरं झालं, सुटलो. मग एकदम राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी दत्तगुरूंशी बोललो आणि तेही भांडायलाच. मोठ्याने म्हणालो, "तिला नेलंस तेव्हा मला खाली पाठवलंस. आता मला न्यायचं असेल तर ने. माझ्याच्याने आता काही होत नाही." तोंडात वाळू गेली.

तेवढ्यात तो आवाज आला. आधी वाटलं, बाईच रडते आहे. खोल, लांबलेला, शेवटी तुटणारा. थांबला आणि पुन्हा आला. वाऱ्याचा नव्हता, एवढं नक्की. मी सायकल तिथेच सोडली आणि रांगत, उठत, त्या आवाजाकडे निघालो. आवाज थांबला की मी थांबायचो, सुरू झाला की चार पावलं टाकायचो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी कपाळ कुंपणाच्या तारेवर आपटलं आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं, "कौन है?"

तो उंट राखणारा म्हातारा होता, मिठूखान नावाचा. सिंधमधला, थरच्या वाळवंटातला. त्याने मला काखेत हात घालून आपल्या पत्र्याच्या खोलीत नेलं. मला धड बोलता येत नव्हतं. "शुगर," एवढंच म्हणालो. त्याला बरोबर कळलं. कोपऱ्यात एका ताटलीवर फडकं झाकलेलं होतं. त्याने ते काढलं आणि एकेक खजूर बी काढून माझ्या तोंडात घातला. मग पाणी, मग उंटिणीचं कोमट दूध. थोडी हुशारी आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याचे स्वतःचे ओठ फुटले होते. त्याचा रोजा होता. ते खजूर त्याने संध्याकाळी रोजा सोडायला ठेवले होते.

मी ओशाळून म्हणालो, "चाचा, ये तो आपका था."

"साईं, जिसका था उसी के मुँह में गया," तो म्हणाला. सिंधी माणसं आदराने कुणालाही साईं म्हणतात, हे मला नंतर कळलं.

बाहेर तो आवाज पुन्हा उठला. मी विचारलं, कोण रडतंय? त्याने दारातून बोट दाखवलं. दाराजवळच दावणीला एक उंटीण उभी होती. पहाटे व्याली होती, आणि पिल्लू मेलेलंच जन्मलं होतं. त्याने ते मागच्या बाजूला पुरलं होतं. तेव्हापासून ती त्या दिशेला मान लांब करून हंबरडा फोडत होती. "मालिक बोला, दूर बाँध दो, चुप हो जाएगी," मिठूखान सांगत होता. "मैंने नहीं बाँधा. माँ है. तीन दिन, चार दिन रोएगी. रोने दो. मैं पास बैठता हूँ, बस."

एवढंच बोलून तो बाहेर गेला आणि धुळीत तिच्या पायाशी जाऊन बसला. तिला थोपटत नव्हता, गप्प करत नव्हता. नुसता बसला होता. ते बघताना माझ्या आत काहीतरी फुटलं. माझ्या पत्नीचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मग मी थांबूच शकलो नाही. लहान मुलासारखा हुंदके देत रडलो. मिठूखानने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा उंटिणीकडे तोंड केलं. मलाही त्याने गप्प केलं नाही.

दुपारनंतर वारा पडला. चारा घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याने माझी सायकल शोधून आणली आणि मला सनदला सोडलं. घरी आल्यावर मुलीचा फोन आला. जेवलात का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, "बाळा, आज आईची फार आठवण येतेय." पलीकडे ती रडू लागली. "मी टू, बाबा. एव्हरी डे." आम्ही फोन ठेवला नाही. फार बोललोही नाही.

ईद झाल्यावर मी खजुरांचा डबा घेऊन मिठूखानकडे गेलो. उंटीण शांतपणे चरत होती. त्याने डबा घेतला, पण मला चटकन ओळखलं नाही. धुळीच्या दिवशी वाट चुकलेली माणसं येतातच, म्हणाला. तो माझ्यासाठी कोण होता, हे त्याला सांगावंसं वाटलं, जमलं नाही. नुसते त्याचे हात हातात घेतले.

दुःख संपलेलं नाही. ती पाच मिनिटं अजूनही टोचतात. पूर्वी मला वाटायचं, शरण जायचं तर मन शांत हवं, हात जोडलेले हवेत, ओठांवर नाम हवं. माझ्याजवळ त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं, फक्त तक्रार होती. तीच देवाने माझी प्रार्थना समजून पदरात घेतली असावी. आता संध्याकाळी मी दिवा लावतो आणि समोर बसतो. कधी नाम येतं, कधी रडू येतं. जे येईल ते त्याच्या पायाशी ठेवतो. तो जवळ बसलेला असतो, एवढं मला पुरतं.