छी-काकूंची पट्टी

मालेगावच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेल्या जैन शेठजींच्या पत्नीला आम्ही मागून छी-काकू म्हणायचो. कशाचीही शिसारी येणं हा त्यांचा स्वभावच होता. दुसऱ्याच्या पेल्याला त्या तोंड लावत नसत, पाणी स्वतः गाळून प्यायच्या आणि रस्त्यात कुणी पचकन थुंकलं की नाकाला पदर लावून म्हणायच्या, “छी माय, मानसं हायेत का कोन?” हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतंच. त्यावरही त्या “छी” म्हणाल्या.

अशी बाई दरवर्षी गावच्या नेत्रशिबिरात का राबायची, हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही. सत्तरच्या दशकात दिवाळीनंतर शाळेच्या खोल्यांत हे शिबिर भरायचं. बाहेरून डॉक्टर यायचे आणि मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं गाडीबैलानं, एसटीनं यायची. मी तेव्हा नवी शिक्षिका होते, डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. मला वासाचा फार त्रास व्हायचा. बिड्या, घाम आणि वर लघवीच्या बाटल्या. त्या सगळ्या एकाच खोलीत तपासायला यायच्या. निळ्या औषधात घालून तापवल्यावर लघवीचा रंग लालसर झाला, की रोग्याला साखर आहे, त्याचा डोळा ऑपरेशनसाठी उघडायचा नाही, असा नियम.

रोग्यांचे नंबर काकूंच्या ताब्यात असत. दुकानातल्या चिंध्यांच्या पट्ट्या कापून त्यांवर लाल दोऱ्यानं त्या वर्षभर आकडे काढायच्या. नाव नोंदवायची टेबलं दोन, एक पुरुषांचं, एक बायकांचं. पण पट्ट्यांचं गाठोडं एकच. दोन्ही टेबलांनी त्यातूनच मूठमूठ उचलायच्या आणि आलेल्याच्या मनगटाला बांधायच्या. तोच नंबर कागदावर, तोच बाटलीवर. एकदा एक म्हातारा सुई बघून पळाला. टेबलावरच्या पोरीनं त्याची पट्टी पुढच्या बाईला बांधायला घेतली, तर काकूंनी ती हिसकावून चुलीत घातली. “तो नंबर त्याच्यासंग गेला. उष्टा नंबर दुसऱ्याले कायले लावतं?”

खाटांना मात्र प्रत्येक खोलीत एकपासून खडूनं आकडे घातलेले असत. ते कसं चालतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “बाज काई उठून चालत नाई, तिले खोलीपुरता नंबर पुरे. मानूस चार ठिकानी फिरते. त्याचा नंबर साऱ्या शिबिरात एकट्याचाच पायजे.”

शिबिराचे सेक्रेटरी वकील होते. इस्त्रीचा सदरा आणि खिशाला दोन पेनं. रोग्याला हात लावायची वेळ आली की यांना नेमकं कोर्टाचं काम आठवायचं. एका वर्षी उद्घाटनाला बडे पाहुणे येणार म्हणून त्यांना व्यवस्थितपणाचं वेड लागलं. “काकू, तुमचे मधले नंबर गायब असतात, वाईट दिसते ते. यंदा पुरुषांचे एकपासून, बायांचेही एकपासून, कागदी चिठ्ठीवर.”

“गायब होऊ द्या न,” काकू म्हणाल्या. “एक नंबर दोघांले तं नाई भेटत.”

सेक्रेटरी हसले. काकूंनी गाठोडं उचललं आणि स्वयंपाकाकडे गेल्या.

व्हायचं तेच झालं. किन्हीराजाचा एक म्हातारा पुरुषांत चौदा नंबर, केनवडची सुभद्राबाई बायकांत चौदा नंबर. बाटल्यांच्या खोलीत दोन चौदा शेजारी आले आणि त्यांचे कागद अदलाबदल झाले. म्हाताऱ्याला साखर नव्हती, त्याला साखर आहे म्हणून घरी धाडलं. साखर होती सुभद्राबाईला, तिचा डोळा उघडला. चार दिवसांत त्यात पू झाला आणि डोळा गेला.

त्यानंतरची कमिटीची बैठक मला आजही आठवते. चहा, पोहे, आणि “देवाची मर्जी”. शिबिराची बदनामी नको, हा ठराव एकमतानं झाला. बाईला एसटीत बसवून द्या म्हणाले. ज्या बाटल्यांची मला घाण वाटायची, त्या या माणसांपुढे स्वच्छ होत्या.

काकूंनी तिला एसटीत बसू दिलं नाही. स्वतःच्या घरी नेलं. मी भेटायला गेले तर ओसरीवर सुभद्राबाई पडलेली, आणि दुसऱ्याचा पेला न उचलणारी ही बाई उकळलेल्या पाण्यात कापूस बुडवून तिचा पू पुसत होती. वास दारापर्यंत येत होता. मी पदर नाकाला लावला.

“पदर काढ,” काकू वर न बघता म्हणाल्या. “तिले दुसऱ्या डोयानं दिसते अजून.”

सुभद्राबाईच्या मनगटावर लाल दोऱ्याची पट्टी होती. ती कुठून आली हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. महिन्याभरानं डोळा सुकला आणि ती केनवडला गेली.

पुढच्या वर्षी सेक्रेटरी गुपचूप काकूंच्या दारी आले. काकूंनी तेच न वापरलेलं गाठोडं त्यांच्यापुढे टाकलं. त्यांनी पट्ट्या चाळल्या आणि सवयीनं विचारलं, “यातली चौदा कुठं आहे?”

“ती बांधली,” काकू म्हणाल्या. “केनवडले गेली. आता कोनालेच नाई भेटत.”

काकू होत्या तोवर शिबिरात चौदा नंबरचा रोगी कधी झाला नाही.