शेवटच्या कडव्यातली धुरपताआत्या

आमची आत्या भांडखोर होती. आज सकाळी गेली.

शिरड शहापूरची धुरपताबाई. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिचं गाणं ऐकलंय, आत्याला पाहिलं नसेल.

लिहिता येत नव्हतं तिला. शेतात निंदता निंदता गाणी जुळवायची, बायका पाठीमागून म्हणायच्या. विहारात पण तीच गाणी.

आपल्याकडं शेवटच्या कडव्यात गाणं करणाराचं नाव येतं, माहितीये ना. तिच्या एका गाण्यात होतं,

"धुरपता सांगे शिक गं पोरी,
भीमानं दिली ही शिदोरी."

औंढ्याला दरवर्षी भीमगीतांचा पुरस्कार सोहळा होतो. मंगल कार्यालय फुल्ल. स्टेज, लायटिंग, अँकर, सगळं.

एका वर्षी बेस्ट गायकाचा पुरस्कार एका तरुण पोराला मिळाला. रिवाजाप्रमाणं जिंकलेलं गाणं त्यानं परत गायलं.

गाणं आत्याचं. आवाज एक नंबर.

शेवटचं कडवं आलं आणि तो म्हणाला, "राहुल सांगे..."

आत्या ताडकन उभी राहिली.

मामा, म्हणजे आत्याचे मालक, म्हणाले, "बस खाली. लोकं बघून राहिले."

"बघू द्या. त्याच्यासाठीच उभी राहिले."

मग स्टेजकडं बघून म्हणाली, "पोरा, ते नाव तिथं बसत न्हाई. किती ताणून राहिला. तिथं धुरपता हाय."

अँकर म्हणे, "मावशी, आपण पुढच्या कॅटेगरीकडे वळू या."

कुठलं काय. आमच्या गावच्या बायका मागं बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच ते कडवं उचललं, तिच्या नावासकट. अँकरनं माईक खाली घेतला.

पोरगं बिचारं घामाघूम. म्हणाला, "आजी, मी एका गायन पार्टीत शिकलो हे. तिथं जो गाईल तो आपलंच नाव घालायचा. मला वाटलं तशीच पद्धत असते."

"नाव घालायचीच पद्धत हाय," आत्या म्हणाली. "पण आपल्या गाण्यात."

अख्खा हॉल हसला. तो पण हसला, खाली आला आणि तिला हाताला धरून वर घेऊन गेला. दोघांनी मिळून गायलं. शेवटच्या कडव्याला तो गप्प राहिला आणि तिनं एकटीनं म्हटलं.

काय म्हटलं असेल बाईनं. माझ्या अंगावर आत्ता लिहिताना काटा येऊन राहिलाय.

त्यानं ट्रॉफी तिच्या हातात दिली. तिनं परत केली.

"तुलाच राहू दे. गळा तुझा हाय. माझं नाव तेवढं सोडू नको."

त्यानं सोडलं नाही. हिंगोली, नांदेड, जिथं गेला तिथं धुरपता सांगे.

यंदाच्या सोहळ्याला आत्या आजारी होती, तरी हट्टानं आली. माझ्या खांद्यावर मान टाकून बसली होती.

पुसेगावची एक शाळकरी पोरगी स्टेजवर आली. तेच गाणं. शेवटी तिनं आत्याचं नाव घेतलं, अगदी ठासून.

आत्यानं मला चिमटा काढला. "ऐकलंस का? मी कोण ते तिला ठाऊक बी न्हाई."

मी म्हटलं, "थांब, जाऊन सांगते तिला. इथंच बसलीये म्हणून."

"काहून? नाव बराबर घेऊन राहिली ना ती. आता मी असले काय, नसले काय."

आत्या, तुझी भाची म्हणवून घेताना ऊर भरून येतो.

शेवटचा जयभीम.