कवटीच्या लेबलाची बाटली

बापानं मला आयुष्यात एकदाच मारलं, तेही मी बनवलेल्या शुगरच्या औषधावरून. मीही त्याला एकदाच मारलं, त्याच औषधावरून, दुसऱ्या दिवशी सकाळी. पोटच्या पोरीनं बापावर हात उचलला म्हणून आर्णीच्या आमच्या गल्लीत बाया अजून कुजबुजतात. कुजबुजू द्या, माझं काय जातं? मला फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यातून काढायची होती. ती बाटली मी मरायला आणली होती, असं तो धरून बसला होता.

बापाचं दुकान होतं फवारणीच्या पंपांच्या दुरुस्तीचं. ती कपाशीची वाईट वर्षं. बोंडअळी मरत नव्हती, म्हणून लोक फवारतच होते, आणि गावोगावचे पंप तळाशी विष हिंदकळत बापाच्या दुकानात येत होते. दुकानाची जमीन विष आणि ऑइल पिऊन काळी चिकट झाली होती. बापाचा राग कायम नाकावर. एकदा घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं पाना फेकून मारला होता, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी तोच पंप घेऊन परत आला होता, कारण आसपास दुसरा कारागीर नव्हता.

ह्या माणसाला शुगर. गोळ्या खायचा नाही. "गोळ्या दुबळ्यायसाठी असतात," म्हणायचा आणि बाजारातून जिलबी घेऊन यायचा. एक दिवस पितळी टाकीला डाग देता देता तापलेली सळई त्याच्या पायाच्या बोटांवर पडली. मांस जळाल्याचा वास सुटला, तर हा ओरडतो, "कोन काय जाळून राह्यलं बे?" जळत होता त्याचाच पाय! त्याला काही कळलंच नव्हतं. तेव्हा मी यवतमाळच्या फार्मसी कॉलेजात नुकतीच शिकायला लागले होते. पुढं संशोधनाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी डोळे मिटून डायबेटीस घेतला.

आता गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे. त्या वर्षांत आमच्या गल्लीतून विष प्यालेल्यांच्या दोन तिरड्या निघाल्या. एक कर्जापायी म्हणतात, पण दुसरी एका सुनेची होती, आणि ती गेली साध्या भांडणापायी. भाजीत मीठ जास्त पडलं, सासू बोलली, कोनाड्यात डबा होताच. तेव्हापासून बायांनी आपसात ठरवून टाकलं, विषाचा डबा आपल्या घरात ठेवायचा नाही. आमचा डबा शेजारच्या काकूंच्या माळ्यावर, त्यांचा आमच्या. राग आलेल्या माणसाचा हात जवळच्या वस्तूवर पडतो. दुसऱ्याच्या दारात जाऊन डबा मागायचा, म्हणजे काकू आधी विचारणार, कायले पाह्यजे? तेवढ्यात डोकं थोडं तरी थंड होतं. आणखी एक झालं. "मर" ही शिवी गल्लीतून गेली. लेकरांनाही कोणी "मर मेल्या" म्हणेना.

आणि नेमकं तेच माझ्या बापाच्या तोंडून निघालं. महागावचं एक स्थळ मी नाकारलं होतं. माझं काम अर्धवट होतं, कॉलेजात प्रयोगाचे उंदीर वाट पाहत होते. बाप भडकला. "मर मंग तिकडं उंदरायसंगं!" मी कोणाची? त्याचीच. मी म्हटलं, "मरतेच!" पिशवी उचलली आणि एसटीत बसले. मागं बापानं जेवण टाकलं, असं आई नंतर म्हणाली.

कॉलेजात माझं काम काय? रेणू जोडायचे. ज्या जातीच्या गोळ्यांनी शरीर स्वतःच्याच इन्सुलिनचं ऐकायला लागतं, त्या जातीचा एक नवा रेणू. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये दोन पदार्थ अल्कोहोलात तासन्‌तास उकळायचे, थंड करायचे, तळाशी हळदीसारखी पिवळी भुकटी बसली की गाळायची. ऐकायला स्वयंपाक वाटतो. निम्म्या वेळा तळाशी डांबर निघायचं. वीज जायची, उकळतं थांबायचं, सगळं मुसळ केरात. एकदा तर लॅब धुणाऱ्या मावशींनी माझा फ्लास्क मातीनं घासून चकचकीत करून ठेवला. महिन्याची भुकटी मोरीत! मावशी म्हणाल्या, "लय पिवळा झाला होता वं."

आणि पलीकडच्या खोलीत उंदीर. पांढरे, लाल डोळ्यांचे. त्यांना आधी डालडा आणि साखर चारून फुगवायचं. मग एक सुई द्यायची, ती पोटातली इन्सुलिनची जागा अर्धी मारून टाकते. मग ते दिवसभर पाणी पितात आणि भुसा ओला करतात, चिडतात, एकमेकांचे कान फाडतात. शेपटीचं टोक कापून रक्त काढायचं. एकानं माझ्या अंगठ्याचं मांस उचकटलं, मी त्याला भिंतीवर आपटायच्या बेतात होते. शेवटी सगळ्यांना मारायचंच असतं, पोट फाडून आत काय झालं ते बघायला. हे काम हळव्या माणसाचं नाही. मी हळवी नव्हतेच, फक्त खोलीवर जाऊन अंघोळ दोनदा करायची.

आमच्या सरांचा एक नियम होता. नवा रेणू म्हणजे विष, जोवर उंदीर दुसरं काही सांगत नाहीत तोवर. प्रत्येक नव्या बाटलीवर कवटीचं लाल लेबल. मग ती आजार बरा करायला का बनवलेली असेना.

शनिवारी माझी भुकटी शुद्ध निघाली. सोमवारी सकाळी ती उंदरांना द्यायची होती. आजारी उंदीर थांबत नाहीत, रोज त्यातला एखादा मरतो. मावशींच्या हाती ती बाटली ठेवून जायला माझा जीव धजेना. म्हणून मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि आर्णीची एसटी धरली. भांडणानंतर पहिल्यांदाच घरी निघाले होते.

मी मोरीत हातपाय धूत होते तेव्हा आईनं धुण्यासाठी माझी पिशवी रिकामी केली, पर्सही उघडली. कवटी दिसली. तिनं बाटली पदराखाली घेतली, शेजारी काकूंच्या हाती दिली आणि परत येऊन भाकरी थापायला बसली. दुधानं पोळलेली गल्ली, ताकही फुंकून प्यायची. संध्याकाळी बाप आला, तेव्हा तिनं त्याला अंगणात गाठून सांगितलं.

तो आत आला तो पंपाचा खांद्याचा पट्टा हातात घेऊनच. जाड कॅनव्हासचा, लोखंडी कडीचा. "मरायले निघाली? माह्या एका शब्दावर?" पहिला तडाखा पाठीवर बसला. मी ओरडले, "बाबा, शुगरचं आहे ते! जहर नाही!" दुसरा मांडीवर, तिसऱ्याला कडी लागली आणि कोपर फुटलं. "कवटी असते काय वं शुगरच्या गोळीवर? भैताड समजते मले?" मारता मारता तोच रडत होता, ढसाढसा, नाक गळेस्तोवर. आई मध्ये पडली, तिलाही एक बसला. शेवटी शेजारच्या काकूंनी येऊन पट्टा धरला. त्या रात्री आईनं स्वतःच्या पायाला आणि माझ्या पायाला एकच ओढणी बांधली आणि तशीच झोपली.

सकाळी बापानं मला दुकानात बोलावलं. बाटली काउंटरवर होती, काकूंकडून त्यानं मागून आणली होती. दोन बाया पंप घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडं त्यानं बघितलंही नाही.

"हे जहर नाही म्हनतं ना तू?"

"नाही बाबा."

"शुगरचं हाय?"

"हो."

"मले शुगर हाय," तो म्हणाला आणि झाकण उघडलं. "मंग मीच खातो. जहर नसन तं तू गप उभी राहशीन. तुह्यावाल्या तोंडाकडं पाह्यतो मी."

मी त्याला समजावलं. उंदरांना अजून दिलेलं नाही, म्हटलं. ह्याच जातीचं एक औषध आधी निघालं होतं, त्यानं माणसांचं लिव्हर खाल्लं, बाजारातून काढावं लागलं. हे काय करील मला माहीत नाही.

"म्हंजे जहर."

"नाही हो बाबा!"

"मंग खाऊ दे."

त्यानं बाटली तळहातावर उलटी केली आणि हात तोंडाकडं नेला. काउंटरवर पंपाची पितळी नळी पडली होती. मी ती उचलली आणि सगळ्या ताकदीनं त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसऱ्या हातातली बाटली पडून फुटली, भुकटी उडाली आणि त्या काळ्या जमिनीत बसली. दारातल्या बाया "माय वं!" करून मागं सरकल्या. बाप विव्हळला नाही. मनगट लोंबत होतं आणि तो माझ्याकडं बघत होता.

"पाह्य," तो म्हणाला. "जहरच होतं."

झालं! मी त्याचा जीव वाचवायला मारलं, आणि त्याला मिळाला पुरावा. पुढं कितीदा सांगितलं, चिडून, हात जोडून. तो मान हलवायचा आणि मी घरी आले की माझी पर्स हुंगायचा. पंपाचं झाकण हुंगतो तशी. मला इतका संताप यायचा की पर्स त्याच्या डोक्यात घालावी वाटायचं.

ती उंदरांची तुकडी वाया गेली. सर माझ्यावर आग पाखडत होते आणि मी एकेका उंदराची मान मोडत होते. मग मी पुन्हा भुकटी बनवली, सगळा पावसाळा त्यात गेला. नवे उंदीर आणले. आणि काय सांगू, साखर उतरली! सरांनी लॅबमध्ये पेढे वाटले. मग पोटं फाडली. जास्त डोसवाल्यांचं लिव्हर फिकट, फुगलेलं, बोट लावलं की फुटणारं. सर हात धुवायला गेले. मी तिथंच स्टुलावर बसले आणि बापाच्या तळहातावर केवढी भुकटी होती ते आठवत राहिले.

त्या दिवाळीत घरी गेले. तोवर बापाच्या त्या पायाचं बोट कापलं होतं आणि तो मुकाट्यानं सरकारी दवाखान्याच्या गोळ्या खायला लागला होता. मनगट वाकडं जुळलं होतं. मी त्याच्यापुढं बसले आणि उंदरांचं सगळं सांगितलं.

"म्हंजे जहरच होतं," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"हो. पन मले तवा माहीत नव्हतं."

"तू मरायले नव्हतं आनलं?"

"तुमच्या ह्या पायासाठी बनवलं होतं, बाबा."

तो मनगट चोळायला लागला. मग एकदम तडकला. "माहीत नव्हतं तं माह्या हातावर नळी काहून हानली?"

"माहीत नव्हतं म्हनूनच हानली! अन्‌ तुमी मले पट्ट्यानं काहून झोडपलं?"

त्यानं माझ्या कोपरावरचा वण बघितला. मग मान खाली घालून म्हणाला, "मले तरी कुठं माहीत होतं, पोरी?"