कोणास काही एक न सांगता

माझे मामा वलगावला राहतात. गेली पंधरा वर्षं ताटात वांगं दिसलं की ते गरजतात, "मी चाललो पातूरले!" पातूरला त्यांचा जुना दोस्त आहे, शिंपीकाम सोडून आता घरी बसलेला. मामा उठतात, टोपी घालतात, पिशवी उचलतात, दारापर्यंत जातात. मग परत येऊन वांगं खातात. प्रयोग उत्तम होतो. मी स्वतः कितीतरी पाहिलेत.

मागच्या उन्हाळ्यात मामा दारापर्यंत गेले आणि परत आले नाहीत. फोन घरीच, चार्जिंगला.

दुसऱ्या दिवशी मी मामींना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, ओळखीची खूण, सगळं त्यानं शांतपणे उतरवून घेतलं.

"जाताना काही बोलले का, काकू?"

"काई नाई. रोजचंच."

"कुठं जातील असं एखादं ठिकाण?"

मामींनी माझ्याकडं पाहिलं. मी अत्यंत गंभीरपणे म्हणालो, "तसं काही नाही, साहेब."

हवालदारानं लिहिलं : 'कोणास काही एक न सांगता घरून निघून गेले.'

या एका वाक्यावर सरकार कामाला लागलं. दवाखाने पाहून झाले, बडनेरा स्टेशन झालं, अकोल्याचा बसस्टँड झाला. फोटो शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्यांनाही गेला. चौथ्या दिवशी पातूरहून निरोप आला : सदर इसम दोस्ताच्या ओट्यावर पत्ते खेळताना मिळून आला.

मिळून आलेल्या माणसाचा जबाब घेतल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. मामा खुर्चीत बसले, आमची तक्रार वाचली आणि पेन खाली ठेवला.

"मी सही करत नाई. 'न सांगता' कावून लिवलं? सारं गाव मले पळपुट्या म्हनून राहिलं. पंधरा वर्सांपासून सांगून राहिलो ना मी!"

"सांगितलं होतं का, काकू?"

हो म्हणावं, तर चार दिवस सगळ्या पोलिसांना मामींनीच पळवलं असं ठरणार. मी पंख्याकडं पाहत होतो.

मामींनी पदर सारखा केला. "सांगितलं होतं. पन हे खरंच जातीन असं कोनाले वाटलं?"

हवालदारानं जबाबात लिहून मोठ्यानं वाचलं : 'मी सांगून गेलो होतो, परंतु घरच्यांचा विश्वास बसला नाही.' मामांनी समाधानानं पेन उचलला.

"अन् खाली लिवा," मामी म्हणाल्या, "मी तीन दिवस रडली म्हनून."

"त्याले रकाना नाही, काकू. अन् जबाब काकांचा आहे."

मामांनी उचललेला पेन परत खाली ठेवला. मग म्हणाले, "माह्याच जबाबात लिवा. बायको तीन दिवस रडली. मले मान्य आहे."

हवालदारानं लिहिलं. मामींनी तेवढी ओळ दोनदा वाचून घेतली, आणि मगच मामांना सही करू दिली.