माझ्या परसातला टाकळा मी कापू देणार नाही

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर एरवी भजनाच्या वेळा असतात. आज मी भांडणाची हकीकत लिहितेय.

माझ्या परसात गाजर गवत किती माजलं होतं, ते तुम्ही पाहिलंय. उपटून उपटून माझ्या हातांना फोड यायचे आणि पाऊस पडला की गवत पुन्हा उभं! म्हणून गेल्या वर्षी माहेरी गडहिंग्लजला गेले, तेव्हा तिथल्या माळावरचं टाकळ्याचं बी आणून पेरलं. यंदा टाकळा इतका दाट आलाय की गाजर गवताला डोकं वर काढायला जागाच उरली नाही.

आज सकाळी घरमालक विळेवाला गडी घेऊन आले.

"बाई, परसात रान माजलंय की! कापून टाकतो."

"रान न्हाय, टाकळा हाय. शेंगा पिकून बी पडू दे. आत्ता कापला तर गाजर गवत परत येतंय."

"जागा माझी हाय!"

"व्हय, आणि फोड माझ्या हातावर येत्यात," असं म्हणून मी सरळ टाकळ्यात जाऊन उभी राहिले. गडी मागं सरला. मालक चिडून म्हणाले, "उद्या तुम्ही शाळेत शिकवायला गेल्यावर बघतो."

मी शाळाही बुडवणार नाही आणि टाकळाही कापू देणार नाही. उद्या सकाळी सगळ्याजणी कोवळे शेंडे खुडायला या, भाजीला घरी न्या. मालक आले तर त्यांना परसात पाय ठेवायला जागा मिळता कामा नये.

कोण कोण येताय?